सहावीनंतर पाचवी, पाचवीनंतर चौथी: परदेशातली फ्रेंच शाळा चालते कशी

"काकू, धाकट्याला घेतो म्हणतात आणि थोरलीला नको. शाळा एकच, आईबाप तेच, मग हा दुजाभाव कशासाठी?"

आमच्या सोसायटीतली ही मुलगी एप्रिलातल्या भर दुपारी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात फ्रेंच कागदांची चळत होती. नवरा काजू फोडायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. कच्च्या काजूचं सगळ्यात जास्त पीक आज आयव्हरी कोस्टमध्ये निघतं, आपल्या कोकणातल्या कारखान्यांतही आफ्रिकेचा माल फुटतो. तर त्याची तीन वर्षांसाठी तिथल्या अबिजान शहरात बदली झालेली. मुलगा चार वर्षांचा, मुलगी तेराची. मी पुण्यात बरीच वर्षं फ्रेंच शिकवते, त्यामुळे असे कागद अधूनमधून माझ्या टेबलावर येऊन पडतात. प्रश्नही बहुतेक वेळा हाच असतो.

उत्तर द्यायचं तर ही शाळा मुळात कशासाठी काढलेली असते तिथून सुरुवात करावी लागते. 'इंटरनॅशनल' म्हटलं की आपल्याकडे एसी वर्ग, पोहण्याचा तलाव आणि डोळे पांढरे करणारी फी आठवते. फ्रेंच शाळेच्या पाटीवरही तो शब्द अनेकदा असतो. पण स्वभावानं ती केंद्रीय विद्यालयाची बहीण. बदलीच्या नोकरीत वडील जबलपूरहून देहूरोडला आले, तरी मुलाचं पुस्तक तेच आणि धडाही जवळपास तोच, ही केंद्रीय विद्यालयाची सगळी मेख. भारताबाहेर आपली अशी तीन विद्यालयं आहेत: काठमांडू, मॉस्को आणि तेहरान. फ्रान्सनं हाच प्रकार साधारण १४० देशांत केला. सहाशेच्या आसपास शाळा, चार लाखांच्या घरात मुलं. त्यातली फ्रेंच नागरिक असलेली साधारण एक तृतीयांश. बाकीची त्या त्या देशातली, किंवा आपल्यासारखी तिसऱ्याच मुलखातून आलेली.

या सगळ्या शाळांना बांधणारा दोरा म्हणजे मान्यता. ती पॅरिसमधलं शिक्षण मंत्रालय देतं. अभ्यासक्रम फ्रान्सचा, बहुतेक शिकवणं फ्रेंचमधून, परीक्षा फ्रान्सच्या, हे सगळं तपासून ती मिळते आणि मधूनमधून पुन्हा तपासली जाते. मान्यताप्राप्त शाळेतलं मूल शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रगतिपुस्तक घेऊन निघालं, की जगातल्या दुसऱ्या मान्यताप्राप्त शाळेत किंवा थेट फ्रान्समधल्या सरकारी शाळेत प्रवेश परीक्षेशिवाय पुढच्या वर्गात बसतं. अबिजानहून हनोई, हनोईहून लिओं. या शाळेचं जे जे आपल्याला विचित्र वाटतं, तिचा हट्टीपणा, तिची भाषेची अट, तिचे कंजूष गुण, ते सगळं या एका वचनातून येतं. कुठूनही उठा, कुठेही बसा, धागा तुटणार नाही.

कल्पना आजची नाही. बर्लिनची फ्रेंच शाळा १६८९ ची आहे. धर्मछळामुळे फ्रान्स सोडून आलेल्या प्रोटेस्टंट कुटुंबांच्या मुलांसाठी ती निघाली. लंडनची १९१५ ची, पहिल्या महायुद्धात बेल्जियम-फ्रान्समधून पळून आलेल्यांच्या मुलांसाठी. मिस्यों लाईक ही संस्था १९०२ पासून चर्चशी संबंध नसलेल्या फ्रेंच शाळा परदेशात चालवत आली आहे. या विखुरलेल्या गोतावळ्याला १९९० साली एका सरकारी छत्राखाली आणलं गेलं. त्या संस्थेचं नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे तिला आद्याक्षरांनी 'आ-ए-एफ-ए' म्हणतात. गंमत म्हणजे ती परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. म्हणजे शाळा ही फ्रान्सच्या लेखी वकिलातीच्या कामाचाच एक भाग. २०१८ साली राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी २०३० पर्यंत विद्यार्थिसंख्या दुप्पट करायची घोषणा केली, तीही याच हिशेबानं.

भारतात हा प्रकार जवळून बघायचा तर दिल्ली आणि मुंबईतही अशा शाळा आहेत, पण मी पाँडिचेरीला जायला सांगेन. रु व्हिक्टर सिमोनेल नावाच्या रस्त्यावर, समुद्राच्या अगदी जवळ, तिथलं लिसे, म्हणजे फ्रेंच शाळा, आहे. स्थापना १८२६. मुंबई विद्यापीठाच्या एकतीस वर्षं आधीची ही शाळा. १९५४ साली पाँडिचेरीचा कारभार भारताकडे आला, १९६२ साली हस्तांतर कायद्यानं पुरं झालं, झेंडा बदलला, पण शाळा फ्रान्सचीच राहिली. त्या वेळी काही हजार स्थानिकांनी फ्रेंच नागरिकत्व कायम ठेवलं. त्यांतले कित्येक फ्रेंच सैन्यात नोकरी केलेल्यांच्या घरचे. त्यांची नातवंडं-पतवंडं आज या शाळेत असतात: घरी तमिळ, वर्गात फ्रेंच, रस्त्यावर थोडी इंग्रजी. पासपोर्ट फ्रेंच असल्यानं, घरची मिळकत बघून, त्यांतल्या अनेकांना फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळते. 'इंटरनॅशनल शाळा म्हणजे श्रीमंतांची' हे समीकरण इथे चालत नाही.

याच गावाचं नाव फ्रान्समधल्या कितीतरी बारावीच्या मुलांनी धास्तीनं घेतलं आहे. जगभर एकच परीक्षा म्हटली तरी घड्याळं वेगळी, सुट्ट्या वेगळ्या, त्यामुळे परदेशी केंद्रांना प्रश्नपत्रिका निराळ्या असतात. पाँडिचेरीची परीक्षा उन्हाळ्यामुळे वर्षानुवर्षं एप्रिल-मेच्या सुमारास व्हायची, फ्रान्समध्ये ती जूनमध्ये. म्हणजे त्या वर्षाची पहिली प्रश्नपत्रिका पाँडिचेरीची. ती बाहेर आली की मार्सेय आणि लिलची मुलं ती सोडवायला बसायची, शिक्षक फळ्यावर घ्यायचे, 'या वर्षी गणित अवघड काढलंय की काय' याचा अंदाज त्यावरून बांधायचे. नकाशावर पाँडिचेरी दाखवता न येणाऱ्या मुलालाही 'पाँदिशेरीचा पेपर' माहीत असायचा.

आता वर्गांची नावं. इथे सगळ्यांचीच भंबेरी उडते.

शाळा तिसऱ्या वर्षी सुरू होते आणि अठराव्याला संपते, बऱ्याच ठिकाणी एकाच आवारात. पहिली तीन वर्षं मातेर्नेल: लहान गट, मधला गट, मोठा गट. ही आपल्यासारखी आवडीची नर्सरी नव्हे. फ्रान्समध्ये २०१९ पासून वयाच्या तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचं आहे. मग पाच वर्षं प्राथमिक. तोवर आकडे सरळ वाढत जातात असं वाटतं, आणि अकराव्या वर्षी मूल 'सिझिएम'मध्ये जातं. सिझिएम म्हणजे सहावी. आपलीही सहावी त्याच वयाची, त्यामुळे पालक निर्धास्त होतात. पुढच्या वर्षी मुलगी पाचवीत जाते. त्याच्या पुढच्या वर्षी चौथीत. मग तिसरी, दुसरी, पहिली, आणि शेवटचं वर्ष 'तेर्मिनाल', म्हणजे अखेरचं स्टेशन. फ्रेंच माणूस किती पायऱ्या चढलो ते मोजत नाही, किती उरल्या ते मोजतो. एका आजीला मी हे समजावत होते. त्या म्हणाल्या, "म्हणजे रॉकेट सोडताना मोजतात तसं." मला याहून चांगलं उदाहरण अजून सुचलेलं नाही.

त्यात सिझिएमपासून त्र्वाझिएमपर्यंतच्या, म्हणजे सहावी ते तिसरी या चार वर्षांना फ्रेंचमध्ये 'कोलेज' म्हणतात. फोनवर "नातू कॉलेजला जातो" ऐकून गावाकडे पेढे वाटले गेल्याचं मी पाहिलं आहे. नातू अकरा वर्षांचा. कोलेजनंतरची तीन वर्षं म्हणजे लिसे. मात्र संपूर्ण शाळेलाही लिसेच म्हणतात, कारण शाळेची इभ्रत शेवटच्या तीन वर्षांवर ठरते. मूल कोणत्या वर्गात बसणार हे जन्माच्या सालावरून ठरतं: जानेवारी ते डिसेंबर एकाच साली जन्मलेली सगळी एका वर्गात. डिसेंबरातलं मूल जानेवारीतल्याशेजारी बसतं आणि पहिली दोन-तीन वर्षं तो फरक दिसतो. वर्ष सप्टेंबरात सुरू होऊन जुलैच्या सुरुवातीला संपतं. दक्षिण गोलार्धातल्या काही शाळा मात्र तिथल्या उन्हाळ्यानुसार चालतात.

मातेर्नेलमध्ये काय शिकवतात? मुख्य म्हणजे बोलायला. वाचन-लेखनाची घाई नाही. वाचायला शिकण्याचं वर्ष म्हणजे प्राथमिकचं पहिलं, सहाव्या वर्षीचं. आपल्याकडे सीनिअर केजीत 'माय सेल्फ'वर पाच वाक्यं लिहिलेली असतात, त्यामुळे आपले पालक इथे कासावीस होतात. मात्र अक्षर वळवणं आधीपासून सुरू असतं, तेही थेट जोडून लिहायच्या वळणाचं. त्यासाठीची वही हातात घेऊन बघण्यासारखी आहे. आपल्याकडे मराठीला दुरेघी, इंग्रजीला चाररेघी. फ्रेंच वहीत आठ मिलिमीटरचे चौकोन, प्रत्येक चौकोनात दोन-दोन मिलिमीटरवर तीन फिक्या आडव्या रेघा, डावीकडे लाल समास. सेयेस नावाच्या एका पुस्तकविक्रेत्यानं १८९२ मध्ये ही आखणी नोंदवून घेतली, आणि आजही फ्रान्सचं मूल तिच्यावरच लिहितं. a एका फिक्या रेघेपर्यंत, d आणि t दुसऱ्या रेघेपर्यंत, l तिसऱ्यापर्यंत. तारीख कुठे, शीर्षकाखाली रेघ कोणत्या रंगानं, किती चौकोन सोडून परिच्छेद सुरू करायचा, सगळं ठरलेलं. सप्टेंबरआधी सामानाची यादी येते, तीत वहीची मापं मिलिमीटरमध्ये असतात. पालक वैतागतात. पण हनोईहून आलेलं मूल लिओंच्या वर्गात वही उघडतं, तेव्हा त्याला पानावर कुठून सुरुवात करायची हे विचारावं लागत नाही.

गणिताच्या तासाला आपल्या मुलांना दोन खड्डे लागतात. पहिला स्वल्पविरामाचा: फ्रेंच साडेतीन लिहितात ३,५ असे, आणि हजारांच्या जागी नुसती मोकळी जागा सोडतात. लाखाच्या स्वल्पविरामांवर वाढलेलं मूल सुरुवातीला हमखास चुकतं. दुसरा आकड्यांच्या नावांचा. सत्तरला फ्रेंचमध्ये साठ-दहा म्हणतात, ऐंशीला चार-वीस, आणि सत्त्याण्णवला चार-वीस-दहा-सात. हे सांगितल्यावर हसू येतं, पण आपण हसायच्या स्थितीत नाही. एकोणऐंशी, त्र्याण्णव ही आपली नावं परक्याला पाठच करावी लागतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची सोय केली, तर केवढा गदारोळ झाला होता! दोन्ही भाषांत नावं अवघड, म्हणून मराठी घरातलं मूल फ्रेंच आकडे मुकाट्यानं गिळतं असा माझा अनुभव आहे.

आता थोरलीचा प्रश्न. शाळेचं वचन आहे की धागा तुटणार नाही. मग जो मुलगा अजून धाग्यात ओवलाच गेलेला नाही त्याचं काय? चार वर्षांच्याला चिंता नाही. वर्गातल्या बाकीच्यांनाही धड बोलता येत नसतं, गाणी, रंग, 'बूट घाल, हात धू' यांतून भाषा आपोआप अंगात मुरते, काही महिन्यांत बोलायला लागतो. सहा-सात वर्षांच्याला घेतात, पण चाचणी घेऊन, आणि पहिलं वर्ष त्याला वेगळं बसवून फ्रेंच शिकवावं लागतं. तेरा वर्षांची मुलगी मात्र कात्रिएममध्ये, म्हणजे त्यांच्या 'चौथीत' बसणार. तिथे इतिहास फ्रेंचमधून, विज्ञान फ्रेंचमधून, शिवाय फ्रेंच साहित्याचा उतारा वाचून त्यावर निबंध. दोन वर्षांत ब्रवे नावाची परीक्षा. बहुतेक शाळा या वयात, भाषा येत नसेल तर, नाही म्हणतात. काही मोठ्या शाळांत इंग्रजी माध्यमाची वेगळी शाखा असते. लंडनच्या शाळेत ब्रिटिश परीक्षांची आहे. तसं असेल तर मार्ग निघतो. नसेल तर मुलीच्या हुशारीचा इथे काही संबंध नाही. तिला नको म्हणणं हा दुजाभाव नाही, हे मी तिच्या आईला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा बहुधा पटलं.

मला स्वतःला या ताठरपणाचा राग येतो आणि कौतुकही वाटतं. राग अशासाठी की उशिरा आलेल्या मुलाकरता दार जवळजवळ बंद असतं. कौतुक अशासाठी की आत शिरलेल्यासाठी ते सगळीकडे उघडं असतं.

गुणांचंही तसंच. सगळं विसापैकी. दहा म्हणजे पास. बाराला 'बऱ्यापैकी', चौदाला 'चांगला', सोळाला 'फार चांगला' असा शेरा, आणि तो शेरा प्रमाणपत्रावर येतो. श्रुतलेखनात तर चुकीगणिक गुण कापत जाण्याची जुनी पद्धत, त्यामुळे शून्य पडणं ही घरोघरची गोष्ट. गणितात तेरा बघून एका बाबांनी पासष्ट टक्के असा हिशेब केला आणि घरात दोन दिवस अबोला होता. त्या वर्गात तेरा म्हणजे बरा गुण होता.

शेवटची परीक्षा बाकालोरेआ, लाडकं नाव 'बाक'. नेपोलियननं १८०८ साली सुरू केलेली. पूर्वी विज्ञान, अर्थशास्त्र, साहित्य अशा शाखा होत्या, त्या २०२१ पासून गेल्या. आता शेवटून दुसऱ्या वर्षी तीन खास विषय घ्यायचे आणि शेवटच्या वर्षी त्यांतले दोन ठेवायचे. अंतिम निकालात चाळीस टक्के वजन वर्षभराच्या कामाला, साठ टक्के परीक्षांना. आणि सर्वसाधारण बाक देणाऱ्या प्रत्येकाला, मग तो गणितवाला असो की जीवशास्त्रवाला, तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर. तीनांतला एक प्रश्न निवडायचा: दोन निबंधाचे, एक उताऱ्याचा. ठोकळेबाज उत्तर पाठ करून सोडवता येत नाही असा हा पेपर मला आपल्या बारावीला हवा होता.

आपल्याकडच्या लोकांना आणखी एक गोष्ट खटकते: सकाळी प्रार्थना नाही. फ्रेंच सरकारी शाळेत धर्माला जागा नाही हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचं धोरण. परदेशात मात्र त्याला स्थानिक मुरड पडते. लेबनॉनमध्ये तर मान्यता मिळालेल्या कित्येक शाळा कॅथलिक संस्थांच्या आहेत. त्या देशाची भाषाही शिकवतात.

फीचं गणित शाळेच्या मालकीवर ठरतं. काही शाळा आ-ए-एफ-ए स्वतः चालवते, काहींशी तिचा करार असतो आणि कारभार बहुधा पालकांच्या मंडळाकडे, आणि सर्वांत जास्त शाळा नुसत्या भागीदार, म्हणजे खासगी. पहिल्या दोन प्रकारांत फ्रान्सहून पाठवलेले शिक्षक जास्त असतात. सरकारी शिष्यवृत्ती फक्त फ्रेंच नागरिकांना. आपण पूर्ण फी भरायची, शिवाय पहिल्या प्रवेशाची वेगळी रक्कम, जी बहुधा परत मिळत नाही. म्हणून बदलीचं पत्र सही करण्याआधी 'मुलांची फी कंपनी भरेल' हे वाक्य त्यात आहे का बघा, तोंडी नको. आणि मान्यता वर्गानुसार मिळते हेही लक्षात ठेवा. एखाद्या शाळेची प्राथमिक शाखा मान्यताप्राप्त असते, लिसे नसतं. संपूर्ण शाळेची पाटी बघून भागत नाही, आपल्या मुलाच्या वर्गाबद्दल विचारा.

परत येण्याचा विचार आधीच करून ठेवलेला बरा. बाक झाल्यावर परतलं तर ती बारावीच्या तोडीची धरली जाते. २०१८ मध्ये भारत आणि फ्रान्सनं एकमेकांची शिक्षणाची प्रमाणपत्रं मानण्याचा करारही केला. अडचण मधल्या वर्षांची. ब्रवे आपल्या नववीच्या वयात होते आणि दहावीच्या वयात, म्हणजे सगोंदच्या, त्यांच्या 'दुसरी'च्या, शेवटी, बोर्डाची परीक्षाच नसते. अकरावीच्या अर्जावर 'दहावीचे गुण' हा रकाना असतो, तिथे काय भरायचं? नीट आणि जेईईचा अभ्यासक्रम वेगळा, उत्तराची रीत वेगळी. फ्रेंच शाळेत 'का' लिहावं लागतं, तिथे बहुधा पर्याय निवडावा लागतो. मुलाला इथे इंजिनिअर किंवा डॉक्टर करायचं पक्कं असेल तर सहावीच्या आत परत या, नाहीतर बाक करूनच या. मधल्या स्टेशनावर उतरू नका.

त्या घरानं शेवटी दोघांना दोन शाळांत घातलं. धाकटा फ्रेंच शाळेच्या मधल्या गटात, थोरली इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. सुट्ट्या जुळत नाहीत, डब्याच्या वेळा जुळत नाहीत, आई त्रासलेली असते. परवा तिनं धाकट्याच्या वहीचा फोटो पाठवला. तो आता मोठ्या गटात आहे. आजीनं व्हिडिओ कॉलवर त्याला मराठी अक्षरं गिरवायला बसवलं, आणि घरात वही तीच एक, सेयेसची. त्यानं 'आई' लिहिलं होतं. फ्रेंच अक्षर खालच्या जाड रेघेवर बसतं, आपलं वरच्या रेघेला लटकतं. त्यानं शिरोरेषा जाड रेघेवर ओढली होती आणि अक्षरं तिच्याखाली, पुढच्या ओळीच्या फिक्या रेघांमध्ये लोंबत होती. खाली तिनं लिहिलं होतं, "काकू, अप्पा बळवंत चौकातून सहा दुरेघी वह्या घेऊन ठेवाल का? हे पुढच्या महिन्यात येतायत."